फाट्यापर्यंत आबांच्या मागं

नव्वदच्या दशकात आमचं रस्त्याकडेचं रान कारखान्यांसाठी गेलं, तेव्हा साहेब लोक घरटी एकाला नोकरी मिळेल असं सांगून गेले होते. माझे सासरे, आबा, सही करून आले आणि त्यानंतर त्यांनी त्या रानाकडं पाहिलंच नाही. शिरूरच्या बाजाराला जायचं तरी त्या रानासमोरचा फाटा टाळून ते ओढ्याच्या वाटेनं लांबून जात.

मग एका टीव्हीच्या कंपनीचं बोलावणं आलं, पण माणूस दहावी पास हवा. घरात दहावी पास मी एकटी. माझे मालक दहावीला इंग्रजीत गचकलेले.

"बायकू कमवंल, आन् म्या काय चूल फुकू?" ते फणकारले.

मला संताप आला होता, पण सासऱ्यांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती. आबाच म्हणाले, "रान माझं गेलंय. नोकरी कुणी करायची ते मी सांगीन. ती जाईल."

खरी पंचाईत पहिल्या दिवशी झाली. मशीनमध्ये पदर अडकतो म्हणून कंपनीत साडीला मनाई. निळी पँट, निळा शर्ट घरूनच घालून बसमध्ये बसायचं. लग्न होऊन आल्यापासून आबांनी मला डोक्यावरच्या पदराशिवाय पाहिलं नव्हतं, आणि ते तर ओट्यावरच बसलेले. मी दाराआड उभी. शर्टाची कॉलर ओढून डोक्यावर येते का तेही करून बघितलं, इतकी मी गडबडले होते. पहिल्याच दिवशी बस चुकली तर नोकरी गेलीच, आणि मालकांना तेच हवं होतं.

बाहेर आबा खाकरले. "पोरी, मी म्होरं चालतो. तू मागनं ये. माघारी वळून बघायचो न्हाई."

ते निघाले, मी मागं. वाटेत कुणीतरी विचारलं, "आबा, आज हिकडं कुठं?"

"सुनंला कंपनीत धाडाया," ते चालता चालता म्हणाले.

फाट्यावर मी टपरीला टेकून उभी राहिले. आबा माझ्याकडं पाठ करून उभे. बस आली, मी चढले, खिडकीशी बसले आणि मला रडू आवरेना. माझ्याकडं पाठ करायची तर त्यांना रस्त्यापलीकडं, तारेच्या कुंपणातल्या आमच्या रानाकडं तोंड करावं लागलं होतं. बस हलली तरी ते तिकडंच बघत उभे होते.