शमीम आपांचा नववा प्रश्न

अकोल्याहून शमीम आपांच्या यजमानांचा, रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत राजापेठेत भाजी घेत होते. "शमीम गेली," एवढंच ते म्हणाले आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. पुढचं एका अनोळखी माणसानं सांगितलं... पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत. मी मेथीची जुडी धरून तशीच उभी. आता दीड महिना होऊन गेला. शमीम आपांवर लिहायला बसलं की आधी मला माझीच चूक आठवते, आणि ती सांगितल्याशिवाय आपा सांगता येत नाहीत. म्हणून तीच सांगते.

शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत वऱ्हाडात येणारा प्रत्येक पाहुणा कॅमेरा घेऊन येई, मेलेल्या माणसाचं घर विचारी आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाई. आम्ही काही पोरी घरोघरी जाऊन करत होतो ते सर्वेक्षण वेगळं होतं. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, घरातली सून, कुणीही चालायचं. चिठ्ठी टाकून घर निवडायचं, त्या घरातलं एक मोठं माणूस निवडायचं आणि त्याचं मन किती खचलंय ते नऊ प्रश्नांत मोजायचं. झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन लागतं का... गेल्या दोन आठवड्यांत. उत्तरं चारच : कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्यापासून तीनपर्यंत गुण. आपा आमच्या पर्यवेक्षक. निवृत्त नर्स, अंगानं किरकोळ, आवाज मात्र एस.टी.च्या कंडक्टरचा. "पेपरवाले मेल्यावर मोजतेत," त्या म्हणायच्या, "आपन जित्या मानसाले मोजून राहिलो. आकडा चुकला तं मानूस चुकलं." आम्ही पोरी ओढणी तोंडाला लावून हसायचो.

नववा प्रश्न मरणाचा होता. जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असा विचार मनात येतो का? तिथं आमची जीभ जड व्हायची. कुणाच्या घरी बसून, त्यांचा चहा पिऊन असं अभद्र बोलायचं कसं? तुळशीपुढे दिवा लागलेला असला, पाळण्यात बाळ असलं, की आम्ही गुपचूप 'कधीच नाही'वर खूण करून पान उलटायचो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्याच करत होतो. ती लबाडी आहे असं वाटतच नव्हतं, आम्हाला ती रीतभात वाटायची.

शेंदूरजनाघाटला मंदाताईंच्या दारात तर मांडव पडलेला. लेकीची हळद दोन दिवसांवर. संत्र्याच्या व्यापाऱ्याचं भरलं घर, मंदाताई स्वतः हसऱ्या, माझ्यापुढे चिवडा-लाडूची बशी. आठ प्रश्नांची उत्तरं मात्र त्यांनी मान खाली घालून दिली, आणि बहुतेक 'जवळजवळ रोज'. आतल्या खोलीत कासारीण नवरीला बांगड्या भरत होती. नवव्यापाशी मी शून्यावर खूण केली आणि उठले.

चार दिवसांनी अमरावतीच्या ऑफिसात आपा माझे फॉर्म तपासता तपासता एकदम थांबल्या. "सुनीता, आठात एवढे गुन आन् नवव्यात भोपळा? इचारलं होतं का तू?"

मी मांडवाचं सांगितलं. वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, चपला घालू लागल्या. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"लगन कवा होतं?"

"काल झालं."

"चाल."

आम्ही मिळेल ती एस.टी. पकडली. मोर्शीला गाडी थांबली आणि ड्रायव्हर चहाला उतरला, तेव्हा मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. आपण पोचेपर्यंत मंदाताई असतील ना... डोक्यात दुसरं काही नव्हतं. घरासमोर मांडवाचे बांबू सोडणं चालू होतं. रडारड नव्हती, तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. मंदाताईंचा नवरा म्हणाला, "मांगच्या खोलीत झोपली असन. थकली पोरीच्या लग्नानं." खोलीला आतून कडी. आपांनी दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. आतून काहीच नाही. आता नवऱ्याचाही चेहरा उतरला. "मंदाताई, मी नर्स आहो. दार उघडा, मी जाऊन नाही राहिली," आपा म्हणाल्या आणि दाराला हात लावून उभ्याच राहिल्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कडी सरकली.

आपांनी सगळ्यांना अंगणात पाठवलं, मला मात्र ठेवून घेतलं. खाटेवर मंदाताईंच्या शेजारी बसून त्यांनी नववा प्रश्न विचारला, 'ताप येतो का' विचारावं तितक्या साध्या आवाजात.

"लेकीचं लगन निपटेपर्यंत थांबली होती," मंदाताई भिंतीकडे बघत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशी तुमी पान पलटवलं. मले वाटलं होतं, इचारलं तं सांगीन..."

मी तिथंच रडायला लागले. आपांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नवऱ्याला बोलावून सगळं सांगितलं, त्याच्याच जीपमधून मंदाताईंना अमरावतीला डॉक्टरांकडे आणलं, आणि पुढचे कित्येक महिने दर पंधरवड्याला त्यांना भेटत राहिल्या. मंदाताई आज नातवंडं खेळवतात.

दुसऱ्या दिवसापासून माझा सगळा गठ्ठा घेऊन आपा माझ्याबरोबर घरोघरी परत फिरल्या. वरिष्ठांपुढे माझं नाव त्यांनी घेतलं नाही. "इचारल्यानं कोनी मरत नाही वं," एवढंच एकदा म्हणाल्या.

आपांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी अकोल्याला गेले. रफिकभाई सगळ्यांना खुर्च्या देत होते, माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करत होते, एकदा तर हसलेसुद्धा. पण शर्टाची कॉलर त्यांच्या गळ्याभोवती सैल झाली होती, आणि माझ्यासोबत घेतलेला चहा त्यांनी तसाच गार होऊ दिला. मी निघायला पर्स उचलली. दुखवट्याच्या घरात असलं कसं विचारायचं, हे पुन्हा मनात आलंच. स्वतःचा रागही आला. दाराजवळून परत फिरले आणि नववा प्रश्न विचारला... जसा आहे तसा, एकही शब्द न गाळता.

रफिकभाईंनी गार चहाचा कप बाजूला सरकवला. आपा घरी सराव त्यांच्यावरच करायच्या, त्यामुळे चारही उत्तरं त्यांना पाठ होती.

"निम्म्याहून जास्त दिवस," ते म्हणाले. अगदी छापील मराठीत, फॉर्मवर होतं तसं.

मी पर्स खाली ठेवली, बाहेर बसलेल्या त्यांच्या भावाला आत बोलावलं, आणि खुर्ची रफिकभाईंच्या जवळ ओढून घेतली.