जोड्यांचे फौजदार

पडेगावच्या आमच्या चर्चमध्ये रविवारचा पहिला सलाम पाळकसाहेबांचा नसे, शमुवेलमामांचा असे. ते दारातच उकिडवे बसलेले. सलाम घेताघेताच म्हणत, "जोडे इथं. लाइनीत." आवाज निवृत्त फौजदाराचा, पोरंसोरं तर सोडाच, मीही मुकाट्याने चपला सरळ केल्या आहेत. मामा जाऊन वर्ष झाले, तरी त्या दारात मी अजून शिस्तीतच वागते.

पंचमंडळाने त्यांना अध्यक्ष करायचे ठरवले तेव्हा मामांनी हात जोडले. "लई वर्सं खुर्चीत बसलो. आता खाली बसू द्या." गुडघे कुरकुरत, पण जागा सोडत नसत. हे काम कुणीही करेल, असे मी एकदा सुचवून पाहिले. तर म्हणाले, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. मला नुसते जोडे उचलायचेत. स्वस्तात सुटलो की."

एका नाताळला नगरसेवक शुभेच्छा द्यायला आले. कार्यकर्त्याने त्यांचे चकचकीत बूट ऐटीत बाजूला ठेवले. मामांनी ते उचलून बालवाडीतल्या पोराच्या रबरी चपलांशेजारी लावले. निघताना साहेबांना बूट सापडेनात. जो आधी येईल त्याचे जोडे पुढे, हाच इथला कायदा, असे मामांनी त्यांना ऐकवले. नगरसेवक हसले आणि वाकून स्वतःच शोधू लागले. त्या वर्षी आम्हाला नाताळच्या वेगळ्या नाटुकल्याची गरज पडली नाही.

पुढे एका लग्नाला लासूर स्टेशनचा भीमा आला. मेंढरांमागे आयुष्य गेलेला म्हातारा, नवरदेवाच्या बापाचा दोस्त. मामांना पाहताच तो पायरीवर थबकला. वहाणा काढून काखेत मारल्या, पण आत येईना. मामा फौजदार असताना मेंढ्या चोरल्याच्या खोट्या आळावरून त्यांनी तरुण भीमाला चौकीत झोडपले होते. हे आम्हाला मामांनीच सांगितले, तिथेच, त्याच्यादेखत. मला कुठे बघावे कळेना.

मामांनी हात पुढे केला. "तुजं काय चुकलं नव्हतं, भीमा. चुकलं माजं. वहाणा दे, आत जा."

भीमाने वहाणा काखेतून काढल्या नाहीत. आत गीत सुरू झाले तरी मामांचा हात तसाच रिकामा. मला वाटले, हा आता माघारी फिरतो. तोच त्याने वहाणा आपल्या हाताने रांगेच्या शेवटी ठेवल्या आणि मामांजवळ येऊन खाली टेकला.

"गर्दी लई हाय, साहेब. सरका जरा, मी बी धरतो."

मामा सरकले. कुणाचा हुकूम मानताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.