सकाळी बघतो तर घड्याळ बंद!

घड्याळ दुरुस्त झालं की माणूस ते घेऊन जातो, पण तो जे बोलून गेलेला असतो ते दुकानातच पडून राहतं. नवीन जालन्यात, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पूर्वी सेल बदला, पट्टा बदला, एवढंच काम असायचं. त्यात किस्से कुठून घडणार? मग ही ऑटोमॅटिक घड्याळं आली. पोरं ऑनलाइन मागवतात, बापाला वाढदिवसाला देतात, अन् दोन दिवसांत बाप माझ्या दारात हजर! तक्रार सगळ्यांची एकच: "झोपताना चालू होतं, सकाळी बघतो तर बंद!"

आता या घड्याळाला सेल नसतो. आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की स्प्रिंग भरते, अन् त्या भरलेल्या स्प्रिंगवर घड्याळ रात्र काढतं. दिवसा हातच हलला नाही तर रात्री चालणार काय, कप्पाळ? इतकी साधी गोष्ट. पण ती सांगता सांगता माझ्या डोक्यावरचे निम्मे केस गेले.

*

बियाणं कंपनीतले एक साहेब आले. घड्याळ काउंटरवर ठेवलं अन् म्हणाले, "जल्दी सेल टाका, मीटिंग आहे."

"साहेब, यात सेल नसतो."

"मंग चालतं कशावर?"

"तुमच्या हातावर."

साहेबांनी स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला. मी वजन, स्प्रिंग, सगळं समजावलं. साहेब "बराबर, बराबर" म्हणत गेले. मला वाटलं, एक तरी माणूस शहाणा निघाला!

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. आवाज एकदम हळू.

"घरी मिसेस म्हणून राह्यल्या, हे घड्याळ तुमच्या अंगातली ताकद ओढून राह्यलं, म्हणूनच तुम्हाला ऑफिसातून आल्यावर थकवा येतो. खरं आहे का हो?"

*

आष्टीचे एक रिटायर्ड गुरुजी आहेत. जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना घड्याळ दिलं होतं, म्हणून जिवापाड जपायचे. तेही रात्रीतून बंद पडायचं.

"सर, दिवसभर काय करता?"

"पेपर वाचतो. दुपारी पडतो. मंग टीव्ही."

"मग ते बिचारं कसं चालेल? चाला सर! सकाळ-संध्याकाळ चाला!"

पंधरा दिवसांनी सर परत आले. वजन एकदम उतरलेलं, चेहऱ्यावर तेज. "रोज पाच किलोमीटर चालून राह्यलो. शुगर खाली आली, गुडघा दुखायचा थांबला. घड्याळ तेवढं बंदच पडतं."

मी मशीन खोललं, तपासलं, तेल दिलं. दोष काहीच नाही. आता माझंच डोकं बंद पडायची वेळ आली. "ठीक आहे सर, दोन दिवस बघा," म्हणालो. सर पायऱ्या उतरून चालायला लागले अन् मी बघतच राहिलो. शाळेच्या व्हरांड्यात राउंड घ्यावा तसे सर चालले होते. दोन्ही हात पाठीमागं, एकमेकांत घट्ट अडकवलेले!

मी दुकानातूनच ओरडलो, "सर! हात!!"

सर दचकले, वळले, अन् छडी खायला करतात तसे दोन्ही तळवे पुढं केले.

*

परतूरकडचे एक मामा शेळ्या राखतात. मुलगा पुण्याला नोकरीला, त्यानं घड्याळ पाठवलेलं. मामा शेळ्या रानात सोडतात अन् स्वतः बाभळीखाली बसतात. घड्याळ बंद पडणारच!

मी म्हणालो, "मामा, याला हालचाल पाहिजे. तुम्ही बसून राहता."

मामा म्हणाले, "ह्या वयात मी कशाला पळू? बघतो कायतरी."

महिनाभरानं मामा आले. काचेवर ओरखडे, पट्ट्याला चावल्याच्या खुणा. मी हादरलो. "मामा, हे काय केलं?"

"शेळीच्या गळ्यात बांधलं. ती लई उड्या मारती. महिनाभरात एक मिनिट बंद न्हाई पडलं, बिलकुल न्हाई!"

"मग आज कशाला आलात?"

"अहो, किती वाजले बघायचं म्हणलं की आधी शेळी धरावी लागती!"

*

हा किस्सा मात्र माझ्यावरच उलटलेला आहे. एमआयडीसीत सळई बनवणाऱ्या कारखान्यात कामाला असलेला गणेश आला. सकाळी घड्याळ बंद, अमुक अन् तमुक, सांगायला लागला. मला एव्हाना इतका वैताग आलेला होता की मी त्याच्याकडं न बघताच म्हणालो, "हात हलवत जा."

गणेशनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत नुसते पिळदार. "काका, आठ तास सळया ओढतो. आणखी किती हलवू?"

मी घड्याळ दहा मिनिटं कानाला लावलं, चालू होतं, दिलं परत. चार दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा परत. तिसऱ्या वेळी त्यानं बंद घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं.

"काटे बघा."

बारा वाजून सात मिनिटं.

"काल बी इथंच. परवा बी इथंच. पहिल्या दिवसापास्नं सांगून राह्यलो!"

खरंच सांगत होता. मी ऐकलंच नव्हतं. रात्री बाराला तारीख बदलते, अन् ती बदलणारी चाकी जुन्या तेलानं चिकटून अडकत होती. अर्ध्या तासाचं काम! साफ केलं, तेल दिलं, अन् त्याची माफी मागितली.

गणेश शांतपणे पट्टा आवळत म्हणाला, "काका, तुम्ही तीनदा घड्याळ बघितलं. टाइम एकदा बी न्हाई बघितला."

*

अन् आता उत्तमराव. उत्तमरावांनी तीस वर्षं ट्रक चालवला. त्यांची मुलगी संगीता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. एका दुपारी ती आली.

"जय भीम काका. पप्पांचं घड्याळ रोज रात्री आठलाच बंद पडतं."

मी तपासलं. मशीन ठणठणीत. सवयीनं बोलून गेलो, "त्यांना म्हणावं, हात हलवा."

संगीता म्हणाली, "डाव्या अंगाला लकवा झालाय, काका. घड्याळ डाव्याच हातात घालतात."

मी जीभ चावली. "मग उजव्या हातात घालायचं. न्हाई तर याच्या मशीनला चावी पण देता येते, सकाळी तू देत जा. तीस वेढे, संपला विषय."

"दोन्ही करू देत न्हाईत. तुम्हीच बोला. बाहेर ऑटोत बसलेत."

मी घड्याळ घेऊन बाहेर गेलो. उत्तमराव ऑटोत एका बाजूला कलून बसलेले. डावा हात उशीवर ठेवलेला, त्यावर मी घड्याळ बांधलं. शब्द जरा जड येत होते, पण नजर कडक.

"व्यायाम घेणाऱ्या मॅडम रोज म्हणत्यात, सुधारणा आहे. पोरगी बी तेच म्हणती. मला चांगलं वाटावं म्हणून सगळे बोलून राह्यले." मग घड्याळाकडं मान हलवली. "हे खोटं बोलत न्हाई. किती वाजता बंद पडलं, सकाळी तेवढं बघतो मी. याला चावी द्यायची न्हाई."

मी आत आलो अन् संगीताला म्हणालो, "हात लावू नको त्याला."

त्यानंतर शाळेतून येताना ती स्कूटी बाहेरच थांबवायची अन् नुसता आकडा सांगायची. "काका, नऊ." मग, "साडेदहा." एकदा म्हणाली, "सात." त्या आठवड्यात उत्तमराव कुणाशी बोलले नाहीत, व्यायामाच्या मॅडमना पण दारातूनच परत पाठवलं. मग पुन्हा अकरा. मग कितीतरी दिवस अकराच. मला तर वाटायला लागलं, तोच आकडा सांगायला तिनं दुकानापाशी थांबूच नये. मग एक दिवस, "दीड!"

पुढं शाळेला सुट्ट्या लागल्या अन् संगीताचं येणं थांबलं.

अन् एका सकाळी, दुकान उघडून झाडू मारत होतो, तेवढ्यात फोन वाजला. आवाज जड, पण चांगलाच तापलेला.

"ओ घड्याळवाले! कसलं घड्याळ आहे हे? रात्रभर उशाशी टिकटिक, टिकटिक! माणसानं झोपायचं का न्हाई?"