भर दुपारी परत येणारा बॉल

कुंभारीहून सकाळच्या एसटीनं येऊन आमचं ग्राउंड झाडणारी मावशी. आज मला समोरच्याचं तोंड दिसतं, रस्ता ओलांडता येतो, हे चार शब्द लिहिता येतात, ते तिच्यामुळं. आधी तिचं नाव काढलं म्हणजे पुढचं सांगायला जरा धीर येतो.

मी गडचिरोलीकडचा. आठवीत शाळा सुटली. उंची बघून लोक मला मोठा बाप्या समजायचे आणि कामाला लावायचे. ती उंची बघूनच एका साहेबांनी मला सोलापुरात आणलं, आणि बास्केटबॉल हा पोटाचा धंदा झाला. आधी इथल्या एका कारखान्याच्या टीममध्ये पगारावर, मग पाहुणा खेळाडू म्हणून हैदराबाद, चेन्नई, बोलावतील तिथं. हंगाम संपला की परत सोलापूर, कारण ट्रंक ठेवायला खोली इथंच होती. रिंगखाली उभं राहून उसळलेला बॉल काढायचा, एवढंच माझं काम. पोरं मला ‘खांब’ म्हणायची. हाक ऐकून हसायचो, पण आत धाकधूक असायचीच. खेळ सुटला तर आठवी पास खांबाला दारात कोण उभं करणार?

आणि मग माणसं हवेतून उगवायला लागली.

डावीकडं कुणी नाही म्हणून वळावं, तर छातीवर कुणीतरी आदळायचं आणि शिट्टी वाजायची. मेसमध्ये आत्ता ठेवलेला ग्लास नसायचा, आणि नाही म्हणून हात फिरवला की खणकन खाली पडायचा. एकदा रिकाम्या जिन्यात माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, “काय खांब, वळख इसरला व्हय?” मी भिंतीलाच चिकटलो. वळून पाहिलं तर आमच्याच टीमचा पोरगा, दात काढत उभा. तो वर आला कधी?

कुणालाच बोललो नाही. कोचला कळलं असतं तर पुढचा हंगाम गेलाच म्हणून समजा. उलट सराव वाढवला. भर दुपारी, सगळी टीम जेवून आडवी झाली की मी एकटा कोर्टवर जायचो आणि फ्री थ्रो मारायचो. सोलापूरचं ऊन, तापलेलं सिमेंट, चिटपाखरू नाही. आमचं कोर्ट डावीकडं जरा उतरतं आहे. बॉल जाळीतून पडला की घरंगळत पायऱ्यांकडं जायचा. आणायला निघावं, तर तो परत येत असायचा. सावकाश, सरळ, माझ्या पायाशी. पायऱ्यांकडं बघावं तर ऊन आणि मोकळी जागा.

पहिल्या दिवशी वाटलं, भिंतीला लागून आला असेल. मग रोजच यायला लागला.

खोलीतल्या जोडीदाराला भीत भीत विचारलं, इथं पूर्वी काही झालंय का?

“बारा वाजता एकटा खेळतोस, मग मुंजा येणारच की!” तो म्हणाला. “कसा खेळतोय? बरा असंल तर कोचला सांग. आपल्याला बॉल पळवणारा गार्ड पायजेच हाय.”

तो पोट धरून हसला. मला मात्र ते खरंच वाटलं. आमच्या गावाकडं अशा जागेला काहीतरी ठेवल्याशिवाय पुढं जात नाहीत. दुसऱ्या दिवशी मेसमधून पानावर दहीभात घेतला, पायऱ्यांच्या कोपऱ्यात ठेवला, हात जोडले, आणि लाइनवर येऊन उभा राहिलो. बॉल टाकला. जाळीतून गेला. घरंगळला.

परत आला.

“कोण आहे?” मी ओरडलो. “काय पाहिजे?”

“मला काय पायजे?” अगदी डाव्या कानाशी आवाज आला. “दहीभात माज्यासाटी ठिवलास व्हय? मीठ न्हाय त्यात.”

मी समोर बघत होतो. समोर रिंग होती, पलीकडं लिंब होता. आवाजाच्या जागी काळं, धूसर असं काही नव्हतं. तिथं जागाच नव्हती.

“मावशी?”

“आता गं बया! हितंच हाय की, तुज्या डाव्या अंगाला. दिसंना का?”

मान पूर्ण वळवली तेव्हा ती उगवली. हातात खराटा, डोक्यावर पदर. रोज पायऱ्यांखालच्या सावलीत ती भाकरी खायला बसायची. बॉल आला की उठून ढकलून द्यायची आणि परत सावलीत. बोलायची नाही, कारण फ्री थ्रो मारणारा चुकेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही ही आमच्या कोर्टची रीत, आणि ती तिनं बघून बघून उचललेली. चुकलो तरी मी स्वतःला शिवी घालून लगेच पुढचा बॉल मारायचो. तिला बोलायला फट मिळालीच नाही.

“मला वाटलं, लई मगरूर हाय. एवडा बॉल देती, एकदा बगत बी न्हाय.” मग हसत हसत तिनं माझी हनुवटी धरली, मान सरळ केली आणि बाजूला हात हलवला. “आता?”

“नाही.”

“आता?”

“नाही, मावशी.”

तिचा हात नाकासमोर आला तेव्हा दिसला. ती हसायची थांबली. “माज्या दिराचं असंच झालं हुतं. चल.”

“कोचला कळेल.”

“कळू दे! आंदळा झाल्यावर काय कळायचं ऱ्हाणार हाय का?”

खराटा तिथंच टाकून तिनं मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे. डाव्या बाजूचं गेलं ते आता यायचं नाही. उरलेलं थेंबांवर टिकेल, पण आणखी उशीर केला असता तर तेही गेलं असतं. मावशीनंच दोनदोनदा विचारून घेतलं, औषध कधी, किती दिवस. “जन्मभर,” डॉक्टर म्हणाले. “मग घालंल की जन्मभर,” ती म्हणाली.

खेळ तिथंच संपला. आता सकाळी त्याच कोर्टवर लहान पोरांना शिकवतो. ती पोरंही माझ्या डावीकडून अचानक उगवतात आणि काळजात अजून धस्स होतं. संध्याकाळी थेंब घालायचे चुकले तर नाहीत ना, म्हणून बाटली हलवून बघतो.

घरी फोनवर यातलं काहीच सांगितलेलं नाही. आई घाबरेल, आणि तिचा आवाज ऐकून मीही. मावशीला काही द्यायला गेलं तर हात झटकते. एकदाच म्हणाली, “मला तुज्या आईला भेटीव. तुला न्हाय जमत तर मी सांगती, पोरगं वाचलं म्हणून.” मावशी, प्रवास लांबचा आहे, रेल्वे बदलावी लागते, पुढं जंगलातून एसटी. पण उरलेलं दिसतंय तोवर तुला खिडकीशी बसवून आमच्या दारापर्यंत मी नेईन. डावीकडं तू बस.