मुक्ताच्या माशाचं जुनं लाकूड

मंडळी, जंगलाच्या जिल्ह्यात राहून लाकडाची चिंता करणारा चंद्रपुरात बहुधा मी एकटाच.

माझी लेक मुक्ता नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिचा काचेच्या टाकीतला लाकूडखाऊ मासा माझ्या गळ्यात पडला. मी त्याला आदराने 'काष्ठभक्षक' म्हणतो, शेजारी 'वाळवी' म्हणतात. काकडी, भोपळा तो खातो. पण लाकूड खरवडल्याशिवाय त्याचं पोट ठीक राहत नाही. आम्ही बापलेकीने वैनगंगेच्या काठी वेचलेला हातभर ओंडका त्याने बोटाएवढा केलाय.

आज सकाळी नवं लाकूड उकळून टाकीत ठेवलं आणि तो तुकडा काढून मुक्ताच्या टेबलावर ठेवला. मासा नव्या लाकडाकडे पाठ फिरवून बसला.

दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला, मी फोन टाकीसमोर धरला.

"बाबा, जुनं लाकूड कुठी गेलं?"

"जपून ठेवलं."

"काऊन? उपाशी ठेवता का त्याले?"

"संपून जाईल ना."

"दिवाळीत येते ना मी. दुसरं आणू."

तुकडा परत टाकीत ठेवलाय. खरवडण्याचा आवाज खुर्चीपर्यंत येतोय.

नदीकाठच्या मित्रांनो, पुरात वाहून आलेली लाकडं दिवाळीपर्यंत तिथेच राहतात ना?