वाघाटीचा पंचनामा

आषाढी द्वादशीला ताटात वाघाट्याच्या रानफळांची भाजी आली की ते प्रकरण मला अजूनही जसंच्या तसं आठवतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी वाळूजच्या औद्योगिक भागात फौजदार होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही.

द्वादशीच्या सकाळी एका कारखान्याच्या गोदामातून तांब्याच्या तारेची बंडलं गेल्याची फिर्याद आली. चोर मागच्या काटेरी तारेच्या कुंपणातून शिरला, असं तिथल्या वॉचमनचं म्हणणं. वर माझ्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, आमचाच एक कामगार बजाजनगरला राहतो. त्याचे हात बघा. नुसते ओरबाडलेत." अशी आयती खबर मिळाल्यावर मीही खूश झालो. कुंपण नीट न बघताच त्या कामगाराला ठाण्यात आणलं.

पंचविशीतला तरुण. दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत ताजे ओरखडे, शर्टाची बाही फाटलेली.

"कुठं लागलं?"

"डोंगरात, साहेब. काल पहिली पाळी सुटल्यावर दौलताबादकडं गेलतो, वाघाटी काढाया. आईची एकादस असती. वाघाट्याबिगर ती उपास सोडत नाय."

आमचे जमादार हसले. "अन् बाजारात मिळत नाय व्हय रे? आज तं ढीग लागलाय." त्याच्या घरात वाघाटी सापडली होती, पण ती विकतचीही असू शकत होती.

तो रडकुंडीला आला. "साहेब, पर्मनंटच्या यादीत नाव लागलंय. उद्या कागद हातात येनार. आज अटक दाखवली तं संपलंच बगा."

त्याची आई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली होती. मी म्हणालो, "मावशी, घरी जा, उपास सोडा." ती म्हणाली, "लेकरू हितं बसलंय अन् मी कशी खाऊ, बाबा?"

आता एक कबुली देतो. आमचं घर कारकुनांचं. दर द्वादशीला मी ही भाजी खाल्लेली, पण वाघाटी म्हणजे छावणीच्या बाजारातून पिशवीत येणारी वस्तू. तिचा वेल असतो आणि तो काटेरी असतो, हेच मला ठाऊक नव्हतं! समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय, हे मला कळणार तरी कसं? माझ्या या अज्ञानाचाच मला राग आला.

"वेल कसा असतो, सांग."

तो रडायचा थांबला. घरच्या शेताबद्दल सांगावं तसं सांगू लागला. "पान साधं, लांबट गोल, टोकाला टोचतं. पानाच्या बुडाशी दोन काटे, जोडीनं, मागं वळलेले. हात आत जाताना कळत नाय, साहेब. बाहेर काढताना धरतंय."

मी त्याचे हात पुन्हा पाहिले. ओरखडे जोडीजोडीनं होते, कोपराकडे खोल आणि मनगटाकडे पुसट, म्हणजे हात बाहेर ओढतानाच पडलेले. मी जीप काढायला सांगितली.

डोंगरावर दोन पंच, जमादार, तो आणि मी. जमादारांनी पहिल्याच काटेरी वेलापाशी विचारलं, "हाच ना रे?" सापळाच होता तो. पोरगा म्हणाला, "नाय, हा चिलार. ह्याचं पान चिंचेवानी बारीक, अन् काटे सगळ्या अंगाला." वीसेक पावलं पुढं एका झाडावर वाघाटी पसरली होती. पान, टोक, काट्यांची जोडी, सगळं त्यानं सांगितलं तसंच. फळं तोडलेले देठ अजून ओले होते आणि एका काट्याला निळ्या चौकड्याची चिंधी लटकत होती. बाहीला लावून पाहिली, चपखल बसली. पंचांच्या सह्या झाल्या. "इतकी वर्षं नोकरी केली, पण वेलाचा पंचनामा पहिल्यांदाच!" जमादार पुटपुटले.

परतताना मी थेट गोदामाच्या कुंपणापाशी गेलो. सगळ्यात आधी तिथंच जायला हवं होतं. तारा पक्कडीनं सफाईनं कापलेल्या, टोकं बाहेर वाकलेली. म्हणजे कापणारा आत होता. आणि भगदाड केवढं!

वॉचमनला समोर बसवला. "यातून बैल जाईल. मग त्याला ओरखडे कसे आले रे?" त्यानं आधी पाणी मागितलं, मग सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यानं पोराचे हात पाहिले आणि तिथंच बेत शिजला. माल त्याच्या मेव्हण्याच्या शेडमध्ये मिळाला. कुणाच्या अंगाला बोट लावावं लागलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

अंगावरची खूण काहीतरी घडल्याचं सांगते, काय घडलं ते सांगत नाही. ते पाहायला जागेवरच जावं लागतं. पुढं हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी हे ऐकवलं. त्या तरुणाला दुसऱ्या दिवशी पर्मनंटचा कागद मिळाला.

पण त्या संध्याकाळी मावशी घरी जाऊन लेकासोबत पुन्हा ठाण्यात आली, हातात डबा. "साहेब, तुमचा बी उपास सोडायचा ऱ्हायलाय म्हनं." खरंच राहिला होता. मायलेक आणि मी एकाच टेबलाशी बसलो. जन्मभर खाल्लेली भाजी त्या दिवशी मी पहिल्यांदा ओळखून खाल्ली.