वेचणीची हजेरी

दारव्ह्याकडच्या एका कॉलेजात पंचफुलाबाई बनसोड बावीस वर्षं शिपाई होत्या. कापसाच्या पडत्या काळात, २००६ साली, तिथं सामाजिक न्यायाचा आराखडा करायला समिती बसली. बाई चहा देत होत्या. प्राचार्य म्हणाले, "तुम्हीही सुचवा काही."

"सर, कापूस वेचायच्या दिवसांत पोरी मजुरीले जातेत. त्यायची हजेरी नका कापू."

इतिहासाचे सर हसले. "मग काय, वर्गात कापूस वेचायला शिकवू?"

"थे येते त्यायले. बाकीचं तुमी शिकवा."

प्राचार्यांनी कलम लिहून घेतलं. बाई तिथंच उभ्या राहिल्या. दोन वर्षांपूर्वी याच कॉलेजात शिकणारी त्यांची लेक करुणा वेचणीला गेली, हजेरी कमी भरली आणि परीक्षा हुकली. मग लग्न होऊन ती महागावला गेली.

"मागच्या पोरीयले लागू होईन का, सर?"

"नाही हो बाई. पुढच्या वर्षापासून."

संध्याकाळी बाईंनी बूथवरून लेकीला फोन लावला.

"काहून केला वं, आई?"

"कायी नाही. तुह्ये पुस्तकं हायेत अजून मायापाशी."

करुणा म्हणाली, "राहू दे. उंदराईले खाऊ नको देजो."